उभा कंडेन्सर

सून : ...तर हॅलोअल्केन म्हणजे काय, तर अल्केनमधल्या एका हायड्रोजनच्या जागी हॅलोजन येऊन बसलेला असतो. क्लोरीन म्हणा, ब्रोमीन म्हणा, आयोडीन म्हणा...

बाई : कोणाला सांगते आहेस?

सून : मुलांना.

बाई : मुलं इकडे बाकांवर बसतात. तू फळ्याला शिकवते आहेस. त्या फळ्याला सगळं येतं, माझी अख्खी नोकरी त्याने ऐकली आहे. इकडे तोंड कर.

सून : केलं.

बाई : आणि हात मागे नको. कपबशी फोडून आल्यासारखी उभी राहतेस.

सून : अहो आई, उद्या ती निवड समितीची माणसं काय माझे हात बघणार आहेत?

बाई : हातच बघणार. बोलणं सगळ्यांचं पाठ केलेलं असतं. आणि प्रयोगशाळेत मी आई नाही. इथे मी तुला शिकवलंय, इथे बाई म्हण. घरी गेलो की मग आई, सासू, काय म्हणायचं ते म्हण.

सून : बरं, बाई.

बाई : आता मी मागच्या बाकावरची मुलगी. बाई, एक शंका. हायड्रॉक्साइडमधला तो ओएच आत शिरतो म्हणून ब्रोमीन बाहेर जातो, की ब्रोमीन बाहेर जातो म्हणून ओएच आत शिरतो?

सून : असल्या शंका मागच्या बाकावर नसतात.

बाई : मी मागच्याच बाकावर बसायचे. उत्तर दे.

सून : दोन्ही होतं. कार्बन साखळीच्या टोकाला असेल तर एकाच दमात. हा मागून येतो, तो पुढून जातो. पण कार्बनला तिन्ही बाजूंनी कार्बनच चिकटलेले असतील, तर आधी ब्रोमीन निघून जातो. मग तो कार्बन एकटा राहतो, अर्धवट... म्हणजे धनभारित. आणि...

बाई : थांबलीस का?

सून : आठवत होते.

बाई : एकटा राहतो, आणि?

सून : आजूबाजूच्यांच्या आधाराने थोडा वेळ तग धरतो. मग ओएच येतो.

बाई : हं. हे उद्या घेऊ नकोस.

सून : चुकलं का?

बाई : बरोबर आहे. पण पहिल्याच तासाला हे कोण घेतं? साधं घे. सोडियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण, गरम केलं, ब्रोमीन गेला, त्याच्या जागी ओएच आला, झालं अल्कोहोल. आणि तेच हायड्रॉक्साइड पाण्याऐवजी अल्कोहोलात विरघळवलं आणि चांगलं तापवलं, तर?

सून : तर ब्रोमीन जातो, आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजनही जातो. अल्कीन मिळतं.

बाई : मुलांना कळेल असं सांग.

सून : म्हणजे गेलेल्याच्या जागी दुसरं कुणी येत नाही. मागे राहिलेले दोन कार्बनच एकमेकांना आणखी घट्ट धरतात.

बाई : ...हे चांगलं सांगितलंस. हे घे उद्या.

सून : तो बाक किती वेळा पुसताय?

बाई : खडूची धूळ. पुढे चल. सिल्व्हर नायट्रेट.

सून : तीन परीक्षानळ्या. एकीत क्लोरो, एकीत ब्रोमो, एकीत आयोडो. तिन्हींत थोडं अल्कोहोल, कारण हॅलोअल्केन पाण्यात मिसळायला तयार नसतं, त्याला मध्यस्थ लागतो. तिन्ही नळ्या कोमट पाण्याच्या भांड्यात. आता सिल्व्हर नायट्रेट घालायचं आणि घड्याळ बघायचं.

बाई : थेंब नळीबाहेर सांडतायत.

सून : तुम्ही बघताय म्हणून.

बाई : उद्या तर सगळी समिती बघणार.

सून : त्यांचं चालेल. ते काही लिटमस नाहीत.

बाई : काय म्हणालीस?

सून : काही नाही.

बाई : ठाऊक आहे मला ते नाव. माझ्या चेहऱ्याचा रंग पटकन बदलतो म्हणून ना? तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं होतं घरी. आपल्या आईला वर्गात काय म्हणतात, ते जेवताना हसत हसत सांगत होता.

सून : नाव त्यानेच पाडलं होतं.

बाई : काय!

सून : बघा, झालात लाल.

बाई : गधडा. मला म्हणाला, मागच्या बाकावरच्या कुणीतरी पाडलं. नळ्या बघ, नळ्या.

सून : आयोडो झाली पिवळी. घातल्याबरोबर. ब्रोमो येतेय, सायीच्या रंगाची. क्लोरो आहे तशीच. कारण कार्बन आणि क्लोरीनचा बंध ह्या तिघांत सगळ्यात पक्का, तो सुटायला वेळ लागतो.

बाई : छान. ठाम बोललीस.

सून : आमची क्लोरोची नळी तर कधी वेळेवर गढूळ झालीच नाही. सगळा वर्ग घरी जायचा आणि आम्ही दोघं त्या खिडकीजवळच्या टेबलाशी, नळीकडे बघत. तुमचा मुलगा म्हणजे धांदरट नंबर एक. नळी कोमट पाण्यात ठेवायची म्हटलं, की हा बाहेर काढून स्टँडला लावून बसलेला. मी आत ठेवायची, बघते तर पुन्हा बाहेर. आणि वर तुम्ही आमचे गुण कापलेत.

बाई : कापणारच. प्रयोग चुकला होता.

सून : हसताय का?

बाई : कुठे हसतेय? शिपाईमामा आले बघ.

मामा : बाई, हा घ्या बर्फ. पलीकडच्या दुकानातून आणला, अर्धा रस्त्यातच वितळला. आणि अजून किती वेळ? सुट्टीच्या दिवशी इमारत उघडी दिसली तर मला वरून बोलणी बसतात.

बाई : शेवटचा प्रयोग, मामा. मग लावा कुलूप.

मामा : ताईंची गाडी संध्याकाळचीच ना? पास होणार ताई, मी सांगतो. इथे तासिकांवर राबवून घेतात पोरीला, तिकडे कायमची जागा. मग काय, तिकडेच बिऱ्हाड?

सून : निवड झाली तर, मामा.

मामा : होणारच. म्हणजे बाई, आता घरात तुम्ही एकट्या.

बाई : मामा, तो वाफा ओढणारा पंखा लावा जरा.

मामा : तो लावला की किंचाळतो.

बाई : किंचाळू दे.

मामा : नाही, मी आपलं म्हटलं. आमच्या घरी इतकी माणसं, की एकटं बसायला मला इथे कामावर यावं लागतं. तुमचं नेमकं उलटं होणार.

बाई : मामा. पंखा.

मामा : लावतो, लावतो. खाली आहे मी. हाक मारा.

सून : मामा बोलून गेले ते...

बाई : मामांना बोलायची सवय आहे. तू फळ्यावर अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण लिही. तोवर मी मांडणी करते.

सून : मांडणी मी करते ना. उद्या मलाच करायची आहे.

बाई : उद्या कर. आज बोलण्याकडे लक्ष दे. तू बोल, मी मांडते. हातमोजे दे इकडे, ते डायक्रोमेट विषारी असतं. आणि हे उद्या विसरलीस तर मी तुला ओळखत नाही.

सून : साधं अल्कोहोल, दारूतलं असतं ते. त्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल. तापवलं की अल्कोहोलचं आधी अल्डिहाइड होतं. आणि ते तसंच तापत राहिलं की अल्डिहाइडचं पुढे आम्ल होतं, व्हिनेगरमधलं.

बाई : मग अल्डिहाइडवर थांबायचं असेल तर?

सून : तयार झालं की लगेच बाहेर काढायचं. कंडेन्सर आडवा, उतरता लावायचा. वाफ त्यातून जाते, थंड होते, आणि बर्फात ठेवलेल्या नळीत थेंब थेंब पडते. आणि आम्लच हवं असेल, तर कंडेन्सर चंबूच्या डोक्यावर उभा. मग वाफ वर चढते, थंड होऊन पुन्हा खालीच पडते. बाहेर पडायला वाटच नसते तिला. असं होत होत सगळ्याचं आम्ल. उद्या मला अल्डिहाइड काढून दाखवायचंय.

बाई : चित्र काढ. नीट काढ, नाहीतर कंडेन्सरचा दुधी भोपळा होतो तुझा.

सून : काढते.

बाई : पुढच्या वर्षीही जागा निघणार आहेत, असं ऐकलं.

सून : कुठे?

बाई : इथेच. आपल्याकडेच.

सून : कोण म्हणालं?

बाई : असंच, कानावर आलं.

सून : आई, जायचं की नाही ते आपण ठरवलं होतं. तुम्हीच म्हणालात, जा. तुझ्या हक्काचं काहीतरी हवं, म्हणालात.

बाई : आत्ताही तेच म्हणतेय. नुसतं कानावर आलं ते सांगितलं. तिथल्या पाण्याबद्दलही लोक बरं बोलत नाहीत.

सून : पाण्याबद्दल?

बाई : केस गळतात म्हणे.

सून : गळू देत. टकली बाई म्हणून प्रसिद्ध होईन. तुमचं लिटमस, माझं टकली. तापवायला ठेवलंत का?

बाई : ठेवलं. विजेच्या शेगडीवर. उद्या कुणी ज्योत पेटवायला सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं, अल्कोहोल पेटतं.

सून : मग आता रंग बघायचा. नारिंगीचा हिरवा. मुलांना रंग बदलला की फार आनंद होतो, तेव्हा त्यांना बघू द्यायचं, लगेच समीकरण लिहायला लावायचं नाही. हे तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही गप्प उभ्या राहायच्या त्या वेळी, आणि आम्हाला वाटायचं तुम्ही रागावलात.

बाई : मीसुद्धा बघत असायचे. मला अजून आवडतं.

सून : झालं हे चित्र. ह्यात काही भोपळा नाही. खडू पुसते आणि... अरे वा, चांगलं हिरवं झालंय की. पण बर्फातली नळी कोरडी कशी? एव्हाना थेंब यायला... आई.

बाई : काय?

सून : कंडेन्सर उभा आहे.

बाई : अगंबाई.

सून : मी इकडे फळ्यावर आडव्याचं चित्र काढतेय, तुम्ही तिकडे उभा लावलाय. बर्फ मागवलात, बर्फात नळी ठेवलीत, आणि कंडेन्सर उभा. वाफ काय उडी मारून येणार होती नळीत?

बाई : लक्ष नव्हतं गं.

सून : शेगडी बंद करते. निवू दे जरा... आता हाताने वारा घेऊन वास बघा.

बाई : आंबट आहे.

सून : व्हिनेगर झालंय. तुम्ही ही चूक करत नाही. झोपेतसुद्धा नाही.

बाई : वय झालं.

सून : वय झालं म्हणे! सकाळी माझ्या बॅगेची शिवण उसवलेली तुम्हाला दारातून दिसली. मला खरं सांगा. उद्या मी तिथे असंच काहीतरी करावं, असं वाटत होतं का?

बाई : काय बोलतेस!

सून : तुम्ही लावून दिलेलं मी डोळे झाकून तसंच लावते, हे तुम्हाला ठाऊक आहे. असं लावलं असतं तर त्यांनी मला तिथूनच घरी पाठवलं असतं. परत तुमच्याकडे.

बाई : मी मुद्दाम केलं असं वाटतं तुला?

सून : मला माहीत नाही. म्हणून विचारतेय.

बाई : मलाही माहीत नाही. खरंच माहीत नाही. तू फळ्याकडे तोंड करून बोलत होतीस, वेणी पाठीवर, आवाज अगदी पहिल्या वर्षाला होता तसा. मी क्लॅम्प आवळत होते. हातांनी तो उभा लावला. मग मला दिसलं, की उभा आहे. दिसलं, आणि मी बोलले नाही.

सून : का?

बाई : चुकला की पुन्हा मांडावा लागणार. चंबू निववायचा, धुवायचा, पुन्हा भरायचा. तेवढीच दुपार लांबेल. तुझं नुकसान व्हावं असं मनात नव्हतं. गाडी चुकावी असंही नव्हतं... गाडी चुकावी असं थोडंसं असेल.

(सून बर्फातली कोरडी नळी काढून स्टँडला लावते.)

बाई : रागावलीस?

सून : हो.

बाई : रागाव. चंबू मात्र इतक्यात उघडू नकोस, गरम आहे अजून.

सून : नाही उघडत.

बाई : तो धांदरट नव्हता.

सून : कोण?

बाई : तुझा नवरा. ती क्लोरोची नळी तो विसरून बाहेर ठेवत नव्हता.

सून : म्हणजे?

बाई : मी ह्या टेबलापाशी बसायचे. समोरच्या कपाटाच्या काचेत तुमचं टेबल दिसायचं मला. तू घड्याळाकडे बघितलंस, की हा हळूच नळी पाण्यातून बाहेर काढायचा. गार पडली की ती गढूळ व्हायला आणखी वेळ लागणार. बाकीचे घरी जाणार, तुम्ही दोघं राहणार. तू आत ठेवलीस, की पुन्हा बाहेर.

सून : नाही!

बाई : एकदा तर फुंकर घालून गार केली. तू वहीत काही लिहीत होतीस.

सून : आणि तुम्ही काय केलंत?

बाई : मी उठून कान धरायला हवा होता. मी बाटल्यांचं कपाट आवरायला घेतलं. त्या दिवसांत तेच एक कपाट मी इतक्या वेळा आवरलं, की मामा म्हणाले, बाई, ह्यात काही हरवलंय का तुमचं?

सून : त्याने मला कधीच सांगितलं नाही.

बाई : मलाही नाही. मी बघितलं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

सून : मी लग्नानंतरसुद्धा त्याला चिडवायची. दूध उतू गेलं, किल्ली घरात विसरला, की म्हणायची, आली क्लोरोची नळी. आणि तो नुसता हसायचा. मला वाटायचं ओशाळलाय. दवाखान्यात, त्या तापात, चमचा हातातून पडला त्याच्या. तेव्हाही मी म्हटलं. तेव्हाही हसला.

बाई : रड. इथे नळ सोडायची गरज नाही.

सून : तुम्हाला कळतं ते?

बाई : स्वयंपाकघरात भांडी नसताना नळ वाहतोय, हे न कळायला काय झालं?

सून : मलाही कळतं. तुमचा न्हाणीघरातला. टाकी रिकामी होते, आणि आपण दोघी बाहेर येऊन म्हणतो, आज पाण्याला जोर नाही.

बाई : आणि वरच्या मजल्यावरच्यांना दोष देतो.

सून : ते बिचारे प्लंबर आणून गेले.

बाई : हसलीस एकदाची.

सून : म्हणजे हे तुमच्या घराण्यातच आहे. त्याने नळी गार केली, तुम्ही कंडेन्सर उभा केला.

बाई : त्याचं वय होतं तसलं काही करायचं. मला शोभत नाही.

सून : आई, असं आणखी काही आहे का? त्याचं काही, तुम्हाला ठाऊक असलेलं आणि मला नसलेलं?

बाई : असेल. मागितलं की आठवत नाही. तुझ्याकडेही असेल की, मला ठाऊक नसलेलं.

सून : आहे. पण ते आईला सांगण्यासारखं नाही.

बाई : मग नको. असू दे तुझ्यापाशी.

सून : आई, एकदा म्हणा ना.

बाई : काय?

सून : जाऊ नकोस म्हणा. जायचं ठरल्या दिवसापासून मी कान देऊन बसलेय. तुम्ही बॅग आवरून देता, बटणं शिवून देता, तिथल्या पाण्याची चौकशी करता. पण थांब, असं एकदाही म्हणाला नाहीत. मला वाटायला लागलं, की मुलगाच गेला, आता सून कशाला घरात.

बाई : वेडी आहेस का तू?

सून : वेडीच आहे. नाहीतर त्याचा स्वेटर घालून उन्हाळ्यात झोपले असते का?

बाई : मी थांब म्हटलं असतं, तर थांबली असतीस?

सून : त्याच क्षणी.

बाई : म्हणून नाही म्हटलं. ऐक. तू थांबशील. आधी बरं जाईल. त्याची स्कूटर पुसू, त्याच्या कपड्यांना ऊन दाखवू, त्याच्याबद्दल बोलू. पुन्हा तेच पुसू, तेच बोलू. मी तुझ्याकडे बघून त्याला शोधणार, तू माझ्याकडे बघून. मग एक दिवस माझा गुडघा दुखेल, तू मला हात देऊन उठवशील, आणि तुझ्या मनात येईल, हिच्यापायी राहिले मी. तू तोंडाने बोलणार नाहीस. पण मला दिसेल. लिटमस मी एकटीच नाही घरात.

सून : माझ्या मनात असं येणार नाही.

बाई : येतं. माझ्या आलं होतं. मला पुढे शिकायला बाहेर जायचं होतं, जागाही मिळाली होती. माझ्या सासूबाई म्हणाल्या, मला एकटीला टाकून जातेस? राहिले. चांगल्या होत्या गं, मला चहाचा कप हातात आणून द्यायच्या. पण त्या होत्या तोवर मी त्यांच्याशी मऊ असं कधी बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं. तेव्हा जीभच वळायची नाही.

सून : मला कधी सांगितलं नाहीत हे.

बाई : सुनेला सासूची गोष्ट कशाला सांगायची? उगाच कल्पना सुचायच्या. चल, ऊठ. आता निवला असेल चंबू. आता तू मांड. मी हात लावणार नाही.

सून : तो डायक्रोमेटचा कचरा?

बाई : त्या वेगळ्या बाटलीत. मोरीत ओतलास तर उद्या तुझ्याऐवजी मी जाईन मुलाखतीला.

सून : हा चंबू. हे फुटक्या चिनीमातीचे तुकडे, उकळताना उसळू नये म्हणून. हा कंडेन्सर. आडवा.

बाई : उतार दे थोडा.

सून : दिला. पाणी खालच्या टोकाने आत, वरच्या टोकाने बाहेर.

बाई : क्लॅम्प इतका आवळू नकोस, काच आहे.

सून : तुम्ही हात लावणार नव्हता.

बाई : हात कुठे लावतेय? तोंड लावतेय.

सून : अल्कोहोल एकदम नाही ओतायचं. वरून थोडं थोडं. नळी बर्फात. शेगडी चालू. आता बघायचं.

बाई : हं. बघायचं.

सून : आई, तुम्ही संध्याकाळी काय कराल? आज, मी गेल्यावर?

बाई : काय करणार? जेवेन. भांडी घासेन. नळ सोडेन.

सून : आई!

बाई : भांड्यांसाठी गं.

सून : थेंब आला. आई, थेंब! हा बघा दुसरा.

बाई : दिसतोय मला. बोलू नकोस, बघू दे.

सून : वास घेऊ? हिरव्या सफरचंदासारखा येतोय. नाकात जरा झोंबतो.

बाई : मग बरोबर. जास्त हुंगू नकोस, डोकं धरेल. आणि नळीला बूच लाव, नाहीतर उडून जाईल.

मामा : बाई, झालं का? मी आता कुलूप घेऊनच वर आलो.

बाई : झालं, मामा.

मामा : हे एवढंसंच? एवढ्या मांडामांडीतून?

सून : एवढंसंच निघतं, मामा.

मामा : ताई, डोळे लाल झालेत तुमचे. हे विषारी वायू, मी म्हणतो ते उगाच नाही. खिडक्या लावून घेतो मी. तुम्ही आवरा.

सून : फळा पुसू?

बाई : मी पुसते. तू हात धू. साबणाने धू, दोनदा.

सून : आई, निवड झाली तर मी दर रविवारी येईन. सकाळच्या गाडीने निघाले की दुपारी इथे.

बाई : दर रविवारी नको.

सून : का? दमेन म्हणून?

बाई : दमशीलच. पण त्यासाठी नाही. मधूनच एखादा रविवार चुकवायचा. कळवायचंही नाही.

सून : हे काय भलतंच? तुम्ही दुपारभर दारात बसून राहाल.

बाई : राहीन की. तो गेल्यापासून मी कुणाची वाट बघितलेली नाही.